चार हॅलोजन आणि कुट्टीचं चाक

हैबतीमामा त्या दिवशी चालत आले.

तांबवड्यात हैबतीमामा मोहित्यांना पायी चालताना कुणी पाहिलं नव्हतं. तालुका दूध संघाच्या चेअरमनची गाडी चालवण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. चेअरमन बदलले, गाड्या बदलल्या, मामा तेच. गाड्यांच्या वायरिंगच्या माझ्या दुकानापुढे गाडी थांबायची, खिडकीतून पांढरी टोपी बाहेर यायची आणि हाक यायची, "इंदू, जरा ऐक गं, काय कुरकुरतंय ते." त्या सकाळी हॉर्न नाही, हाक नाही. मामा पायरीशी आले, चपला काढल्या आणि खिशातून माझा टेस्ट लॅम्प काढून टेबलावर ठेवला. टेस्ट लॅम्प म्हणजे करंट येतोय का ते बघायचा, वायर जोडलेला छोटा बल्ब.

"तुझा गाडीत राहिला हुता. म्हटलं, देऊन टाकावा."

"गाडी कुठाय?"

"सायबांच्या बंगल्यावर. किल्ली काढून घेतली."

मी हातातलं काम खाली ठेवलं. "का?"

"डिझेल," मामा म्हणाले आणि स्टुलावर बसले.

बाकीचं मी एकेक शब्द ओढून काढलं. गाडी लिटरला बारा किलोमीटर जायची, ती साडेनऊवर आली होती. संघाचे मॅनेजर शेडबाळे यांनी लॉगबुक काढून चेअरमनसाहेबांपुढे ठेवलं. गाडी गॅरेजला तपासून आणली. टाकी गळत नाही, इंजिन ठणठणीत. मग मधलं डिझेल जातं कुठं? शुक्रवारी संचालकांची बैठक होती. मामांवर डिझेलचोरीचा ठपका ठेवून त्यांना कामावरून काढायचं, एवढाच विषय. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, मी न्हाई घेतलं. सायब म्हणाले, मग पिलं कुणी?"

"आणि?"

"आणि काय? माझ्याकडं उत्तर न्हवतं."

मला इतका संताप आला, की मी पाना उचलून पुन्हा आपटला. मामा चोर! माझ्या वडिलांनंतर मी हे दुकान उघडं ठेवलं, तेव्हा दोन महिने एक गाडी दारात आली नव्हती. बाई वायरिंग करणार म्हटल्यावर लोक समोरच्या टपरीवर चहा पीत माझ्याकडे बघायचे, गाडी मात्र पुढच्या चौकात न्यायचे. तेव्हा हैबतीमामांनी चेअरमनची गाडी आणून माझ्या दारात लावली, बॉनेट उघडलं आणि ती तशीच दिवसभर ठेवली. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. मी दिवसभर हातात पक्कड घेऊन काम करण्याचं सोंग केलं आणि मामांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "लई नाजूक काम हाय, हीच पोरगी करू जाणे." तिसऱ्या दिवशी पहिला ट्रॅक्टर आला. त्या माणसाने डिझेल चोरलं असेल, तर मग गावात साव कोणीच नाही.

"मामा, हे कधीपासून सुरू झालं?"

"दसऱ्यापासनं."

"नक्की दसऱ्यापासून?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते एकदम उठले. "त्ये जाऊ दे. तू ह्यात पडू नगंस. आपलं काम कर." चपला पायात सरकवून ते निघालेसुद्धा. थकलेला माणूस आहे, असं मला वाटलं. मी त्यांना अडवलं नाही.

दसऱ्यापासून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माझ्या दुकानात पूजेची गडबड होती. पकडी, पाने, मीटर सगळं हळदीकुंकू लावून मांडलं होतं आणि त्याच दिवशी चेअरमन दादासाहेब काटवट्यांनी गाडी पाठवली होती. निवडणूक जवळ आली होती. साहेबांना गाडी लांबून ओळखू यायला हवी होती. मी टपावर चार मोठे हॅलोजन लावले, आत दोन पंखे, अॅम्प्लिफायर, टपावर कर्णा, पाण्याच्या बाटल्या गार ठेवणारी पेटी, आणि तीन सुरांचा भोंगा. एवढ्याला जुना अल्टरनेटर पुरेना, म्हणून मोठा बसवला. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र. आमच्याकडे सगळे त्याला डायनामोच म्हणतात. संध्याकाळी मामांबरोबर साहेब स्वतः गाडी न्यायला आले. सगळे दिवे लावून बघितले, खूश झाले आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "पोरी, हे सगळं डिझेल खाणार न्हाई न्हवं?"

मी हसले होते. मला ते हसणं आजही आठवतं आणि लाज वाटते. "साहेब, इंजिन फिरतच असतं, डायनामोही फिरतच असतो. करंट फुकटच."

मी हे मुद्दाम खोटं बोलले नव्हते. आमच्या धंद्यात सगळे हेच सांगत. माझे वडील सांगायचे, कारागीर सांगायचे, वायर विकणारे सांगायचे. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून बोललेलं वाक्य इतक्या वेळा बोललं गेलं, की बोलणाऱ्यालाच ते खरं वाटायला लागलं.

त्या दुपारी दुरुस्तीला आलेला एक डायनामो माझ्यापुढे पडला होता. तो चालतो का हे बघायची वडिलांची एक पद्धत होती. बॅटरी आणि दिवा जोडायचा, पुलीला दोरी गुंडाळायची आणि जोरात ओढायची. दोरी हलकी सुटली तर डायनामो मेलेला. दोरी हाताला जड लागली, की वडील म्हणायचे, "चार्ज करतोय." मीही हजार वेळा दोरी ओढून "चार्ज करतोय" म्हटलं असेल. त्या दिवशी दोरी जड लागली आणि मी तिथंच थांबले. माझ्या हाताला जड लागतं, तर इंजिनाला लागत नसेल? मी जड दोरी ओढली की मला भूक लागते. इंजिनाला भूक लागली, तर ते काय खाणार?

मी दिवा काढून दोरी ओढली. हलकी. दिवा जोडून ओढली. जड. दहा वेळा हेच केलं आणि मग दुकानाचं शटर अर्धं ओढून, टेबलावर डोकं टेकून बसले. मामांना चोर मी ठरवलं होतं. माझ्या एका हसऱ्या वाक्याने.

पण बैठकीत जाऊन दोरी ओढून दाखवली असती, तर संचालक फिदीफिदी हसले असते. सगळे दूधवाले शेतकरी. त्यांच्या हाताला ओळखीची वस्तू हवी होती. माझ्या दुकानामागे आमच्या काकूंचा गोठा होता. तिथं कडबा बारीक करायचं हाताने फिरवायचं यंत्र होतं, कुट्टीचं. त्याचं कमरेएवढं लोखंडी चाक. म्हैस पाळणाऱ्या प्रत्येक माणसाने आयुष्यात कधी ना कधी ते फिरवलेलं असतंच. मी त्याची पाती काढली, गिरणीचा एक जुना पट्टा मिळवला, चाकावरून तो डायनामोच्या पुलीवर घेतला आणि पुढे फळीवर तसलेच चार हॅलोजन लावले. प्रत्येकाला वेगळं बटण. काकू गोठ्याच्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"आता म्हशींना काय दिव्यांचा उजेड खायला घालतीस?" त्या म्हणाल्या.

"दोन दिवस द्या, काकू. पाती जशीच्या तशी परत लावून देते."

शुक्रवारी सकाळी अकराला मी ते सगळं धूड टेंपोत घालून संघाच्या आवारात उतरवलं आणि बैठकीच्या खोलीत शिरले. संचालक गोल बसले होते. मामा भिंतीशी खुर्चीवर, टोपी हातात.

शेडबाळे उभे राहिले. काटेकोर माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. "इंदूबाई, इथं बैठक चालू आहे."

"म्हणूनच आले. डिझेल कोणी प्यायलं ते मला माहीत आहे."

मामा पटकन म्हणाले, "सायब, ती पोरगी हाय, तिला काय कळतंय. जा गं इंदू."

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. "साहेब, दहा मिनिटं आवारात या. पटलं नाही, तर मी परत तोंड दाखवणार नाही."

दादासाहेब काटवटे तरुणपणी तालमीतले पैलवान होते. कान अजून चेपलेले होते. ते उठत म्हणाले, "चला. बसून बसून तरी काय करायचंय."

कुट्टीचं चाक बघून संचालकांत हशा पिकला. "बाई, कडबा कुठाय?" एकजण म्हणाला. मी म्हटलं, "कडबा आज तुम्हीच समजा." पुन्हा हशा झाला, पण या वेळी माझ्या बाजूने.

"साहेब, हे चाक म्हणजे तुमच्या गाडीचं इंजिन. कोण फिरवणार?"

दोन-तीन जण पुढे सरले, पण साहेबांनी आधीच बाह्या वर केल्या होत्या. "बाजूला व्हा. माझ्या घरी वीस म्हशी हुत्या."

त्यांनी मूठ धरली आणि चाक फिरवलं. पट्टा सुळसुळत धावू लागला. दिवे बंद होते. साहेब हसत हसत एका हाताने फिरवत होते. "ह्यात काय हाय? दिवसभर फिरवीन."

"फिरवत राहा, साहेब. थांबू नका." मी पहिलं बटण दाबलं.

पहिला हॅलोजन पेटला. साहेबांचा दुसरा हात आपोआप मुठीवर आला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण खांदा पुढे झुकला. मी दुसरं बटण दाबलं. पट्टा कण्हल्यासारखा वाजला. साहेबांनी पाय रोवले. आता कुणी हसत नव्हतं. तिसरा दिवा लावला तेव्हा त्यांच्या मानेची शीर उभी राहिली आणि घामाचा थेंब नाकावरून खाली आला. पैलवान माणूस, हार मानेना. "लाव," ते दातांतून म्हणाले, "लाव चौथा."

मी चौथं बटण दाबलं. चाक दोन फेरे कसंबसं फिरलं, दिवे पिवळे पडले आणि साहेबांच्या हातात चाक थांबलं.

"बंद कर," साहेब म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

मी चारही बटणं बंद केली. "आता फिरवा."

त्यांनी चाकाला नुसता धक्का दिला आणि ते भिरभिरत सुटलं. साहेब चाकाकडे बघत राहिले. मग पुढे आले, मला बाजूला केलं आणि एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने स्वतः बटण दाबलं. जड. बंद केलं. हलकं. पुन्हा दाबलं. लहान मुलासारखे ते पाच-सहा वेळा तेच करत राहिले. सगळे संचालक गोल उभे राहून बघत होते.

"सायकलला डायनामो लावला की पायडल जड हुतंय," गर्दीतला एक म्हातारा संचालक हळूच म्हणाला. "पहाटं दूध घालायला जाताना चढावर आम्ही दिवा बंद करायचो."

"व्हय की," दुसरा म्हणाला. "खरंच की."

ते वाक्य ऐकून मला त्या म्हाताऱ्याला नमस्कार करावासा वाटला. सगळ्यांच्या पायांना जे माहीत होतं, ते कुणाच्या डोक्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

शेडबाळे मात्र पुढे आले. "चाक जड झालं, मान्य. पण लिटरमागे अडीच किलोमीटर? एवढं जड?" आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी सकाळपासून वाट बघत होते आणि जो येऊ नये असंही वाटत होतं. "आणि इंदूबाई, हे सगळं बसवलंत तुम्हीच ना? तेव्हा तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

मामा गर्दीतून घाईने पुढे आले. "इंदू, गप बस. बोलू नगंस."

निवडणुकीचा हंगाम होता. अकरा जीपवाल्यांनी माझ्याकडे दिवे आणि कर्णे सांगून ठेवले होते. समोर उभ्या असलेल्यांतले चौघे त्यांच्यातलेच. मला हे सगळं एका क्षणात दिसलं. आणि किल्ली नसलेली मामांची रिकामी मूठही दिसली.

"माहीत नव्हतं," मी म्हटलं. "उलट साहेबांनी विचारलं होतं, हे डिझेल खाणार का म्हणून. मी हसून सांगितलं, करंट फुकट असतो. मी खात्रीने चुकीचं सांगितलं. त्या दिवसापासून गाडी जास्त डिझेल प्यायला लागली आणि ठपका ह्यांच्यावर आला. चोर शोधायचा असेल तर माझ्या दुकानात शोधा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मला तू..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. चाकावरचा हात काढून ते शेडबाळ्यांकडे वळले. "उद्या गाडी काढायची. हैबती चालवंल. मी पुढं, तुम्ही अन् ही पोरगी मागं. टाकी तोंडापर्यंत भरायची. जे काय असंल ते डोळ्यांनी बघू."

शनिवारी सकाळी संघाच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. शेडबाळ्यांनी टाकीच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. संघापासून धरणापर्यंत जायचं आणि परत, बरोबर पन्नास किलोमीटर. पहिली फेरी सगळं बंद ठेवून. खिडक्या उघड्या, वारा येत होता. मामा नेहमीसारखे सरळ बसून चालवत होते, फक्त दर मैलाला घसा खाकरत होते. परत आल्यावर टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. चार लिटर शंभर मिलिलीटर बसलं. शेडबाळ्यांनी आकडा लिहिला.

दुसरी फेरी दुपारच्या टळटळीत उन्हात. मी सगळं सुरू केलं. चार हॅलोजन, दोन पंखे, गार पेटी, आणि अॅम्प्लिफायरवर साहेबांच्याच प्रचाराची कॅसेट. गाडी आवारातून बाहेर पडली आणि पहिल्याच वळणावर समोरून येणाऱ्या सायकलस्वाराने हाताची बोटं उघडमीट करून खूण केली, दिवे चालू आहेत! पुढे एक एसटी आली, ड्रायव्हरने तीच खूण केली. मग एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन, तिनेही भारा सांभाळत बोटं उघडमीट केली. साहेब प्रत्येकाला मान डोलावून हो-हो म्हणत होते. अकराव्या माणसानंतर त्यांचा संयम सुटला.

"अरे दिसतंय मला!" ते खिडकीतून ओरडले, आणि वर कर्ण्यातून त्यांचंच भाषण चालू होतं की जनतेचा प्रत्येक शब्द मी ऐकतो.

शेडबाळ्यांनी रुमाल तोंडाला लावला. शेडबाळ्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

धरणावर पोचल्यावर मी म्हटलं, "आता अर्धा तास इथंच थांबायचं. इंजिन चालू."

"ते कशापायी?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही बैठकीला आत जाता, तेव्हा बाहेर कर्णा आणि पेटी चालू राहावी म्हणून इंजिन चालूच असतं ना? नाहीतर बॅटरी उतरते."

साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "रोजचं हाय, सायब. पाणी गार पायजे असतं."

अर्धा तास आम्ही धरणाच्या भिंतीवर उभे होतो आणि गाडी उन्हात एकटीच दिवे लावून घरघरत होती. साहेब तिच्याकडे बघत होते.

परत आलो तेव्हा पाच वाजले होते. संध्याकाळचं दूध घालायला गावोगावचे लोक किटल्या घेऊन आवारात रांगेत उभे होते. दिवसा चार दिवे जाळत आलेली चेअरमनची गाडी बघून सगळी रांग पंपाकडे सरकली. शेडबाळे स्वतः खाली बसून टाकीत डिझेल घालू लागले. चार लिटर झाले, टाकी भरेना. साडेचार. पाच. पाच लिटर तीनशेवर डिझेल गळ्याशी आलं. शेडबाळ्यांनी कागदावर भागाकार केला, पुन्हा केला, मग चष्मा काढला.

"सकाळी बारा," ते म्हणाले. "आता साडेनऊ. साहेब, लॉगबुकातला आकडा बरोबर होता. त्यावरून मी काढलेला अर्थ चुकीचा होता."

मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, पण माझे दोन्ही हात आपोआप वर गेले आणि रांगेतली एक बाई माझ्याकडे बघून हसली.

साहेबांनी गाडीत वाकून किल्ली काढली. ती घेऊन ते दूध मोजायच्या ओट्यावर चढले. आवारात तीनशे तरी माणसं असतील.

"ऐका रे," ते म्हणाले. त्यांना कर्ण्याची गरज नव्हती. "हैबती मोहिते डिझेल चोरतो, असं मी बोललो. तुमच्यातल्या निम्म्यांनी ते ऐकलंय आणि राहिलेल्यांना कुणीतरी सांगितलंय. ते खोटं हाय. डिझेल माझ्या दिव्यांनी खाल्लं, माझ्या कर्ण्यानं खाल्लं आणि माझ्या गार पाण्यानं खाल्लं. चूक माझी हाय."

ते ओट्यावरून खाली उतरले आणि मामांपुढे उभे राहिले. किल्ली त्यांनी दोन्ही हातांत धरून पुढे केली, देवाला फूल वाहावं तशी. मामांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि किल्ली घेतली. मग कुठूनतरी एका किटलीवर झाकण वाजलं, दुसरी किटली वाजली, आणि बघता बघता सगळ्या आवारात किटल्यांचा असा ठणठणाट झाला, की दूध मोजणारा माणूस ओरडायला लागला, "अरे सांडंल, सांडंल!"

साहेब माझ्याकडे वळले. "पोरी, उद्या सकाळी सगळं उतरव. अन् पुन्हा कुणाला करंट फुकट म्हणून सांगशील तर..."

"नाही सांगणार, साहेब."

"ते चाक दुकानात ठेव," ते म्हणाले. "येईल त्याला आधी फिरवायला लाव."

मी ते चाक खरंच ठेवलं. काकूंना नवं घेऊन दिलं. अकरा जीपवाल्यांपैकी सात जणांनी चाक फिरवलं आणि दिवे न लावताच गेले. पण तेच सात जण पुढे आयुष्यभर माझ्याकडेच येत राहिले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

रविवारी सकाळी मामा गाडी घेऊन आले. खिडकीतून पांढरी टोपी बाहेर आली. "इंदू, बघ गं, काय काय काढायचं ते." मी टपावर चढून हॅलोजनचे बोल्ट सोडवायला लागले. मामा खाली उभे राहून एकेक दिवा हातात घेत होते. मी कालच्या दिवसाच्या नशेत होते, बडबड करत होते, आपण कसं कोडं सोडवलं ते त्यांनाच पुन्हा सांगत होते.

"बरं झालं माझ्या लक्षात आलं, मामा. नाहीतर कुणाला कळलं असतं?"

"मला," मामा म्हणाले.

मी पाना थांबवला. "काय?"

"मला पहिल्याच दिशी कळलं हुतं. दसऱ्याच्या पहाटं दिवे लावले आन् चढावर गाडी दमली. सत्तावीस वर्षं पायाखाली इंजिन हाय माझ्या, कळंना व्हय? दिवे बंद केले, गाडी सुटली. तवाच म्हटलं, हे डिझेल खाणार."

मी टपावर तशीच बसले. मला गप्प बस म्हणणारे मामा आठवले, दुकानातून घाईने उठून गेलेले मामा आठवले, बैठकीत मला बाहेर घालवणारे मामा आठवले. मला वाटलं होतं ते खचलेत.

"मग बोलला का नाहीत? तुम्हाला चोर म्हणत होते!"

मामांनी हातातला हॅलोजन धोतराने पुसला. "सायबांनी इचारलं तवा तू हसून सांगितलंस, फुकट म्हणून. मी तिथंच हुतो. आता मी म्हटलो असतो दिव्यांनी खाल्लं, तर सायबांनी पहिलं काय इचारलं असतं? पोरगी खोटं का बोलली? तुझं दुकान आत्ता कुठं रुळावर आलंय. म्हाताऱ्याला चोर म्हटलं तर आठ महिन्यांत लोक इसरतील. तुला खोटी म्हटलं असतं तर..." त्यांनी मान हलवली. "मग तू आपणहून जाऊन सगळ्यांफुडं सांगून टाकलंस. येडी."

मी खाली उतरले आणि त्यांच्या पाया पडले. डोळे पुसायला हात वर केला तर बोटांना ग्रीस लागलेलं होतं, ते सगळं गालावर आलं. मामा हसले.

"आता रडू नगंस. काम राहिलंय. पंखे काढ, पेटी काढ."

मी सगळं काढलं. शेवटी बॉनेटखाली भोंग्याच्या वायरला हात घातला, तेव्हा मामांनी माझा हात धरला.

"ह्यो राहू दे."

"मामा, साहेब म्हणाले सगळं उतरव."

"ह्यो काय सारखा वाजत न्हाई. ह्याला लागंल तेवढं डिझेल मी जन्मभर माझ्या पदरनं घालीन. पण आज वाजवायचाय मला."

मी वायर घट्ट केली आणि बॉनेट लावलं. मामा गाडीत बसले, टोपी नीट केली आणि भोंगा दाबला. तीन सुरांचा तो आवाज माझ्या दुकानापासून सुरू झाला, चौकातून गेला, बाजारपेठेतून गेला, संघाच्या आवारापर्यंत गेला आणि वाटेतला प्रत्येक माणूस वळून बघत राहिला. सत्तावीस वर्षांत हैबती मोहित्यांनी विनाकारण हॉर्न वाजवला नव्हता, आणि त्या दिवशीही त्यांनी तो विनाकारण वाजवला नाही.